मोरपिशी फोन

सासूबाईंना विचारलंत का, कुठलं कव्हर हवं ते? — नाही ना, वाटलंच मला. राग मानू नका हं, सासूबाईंसाठी हवंय म्हणालात ते कानावर पडलं, आणि मी आपली मघापासून शेजारी उभी राहून बघतेय, तुम्ही ते काळं पाकिटासारखं कव्हर तीन वेळा हातात घेतलंत आणि तीन वेळा परत हुकाला अडकवलंत. चांगलंच आहे ते. पुढून झाकतं, मागून झाकतं, लोहचुंबकाचं बटण आहे, पैसे ठेवायला कप्पा आहे. माझ्याकडे तेच होतं. तेच म्हणजे अगदी तेच, शिलाईसुद्धा तीच — म्हणून तर बोलले, नाहीतर मी अशी अनोळखी माणसाला अडवणारी नाही. बसा ना या स्टुलावर. दुकानवाले यतीनभाऊ माळ्यावर चढलेत, माझ्या मॉडेलचा खोका वर आहे म्हणे, आणि एकदा वर चढले की ते लगेच काही उतरत नाहीत. कुठून आलात? चांदीपहून? इतक्या लांब वसईत, कव्हरासाठी? — हां, कोर्टाचं काम होतं, मग ठीक आहे. आणि नाव? राधिका. मी क्लेमेंटीन. लग्नाला किती झालं? वर्षसुद्धा नाही? मग मी तुला तूच म्हणते, आमच्या रोवेनाच्या वयाची तू. रोवेना माझी सून. ती बघ, बाहेर स्कूटरवर बसलीय, हिरवा ड्रेस, मुद्दाम मान वळवून बसस्टँडकडे बघतेय. आत येत नाही. म्हणाली, मम्मी, मी आत आले तर तुम्ही कव्हरांकडे न बघता माझ्याकडे बघाल. — आता याच्यावर काय बोलणार, खरंच आहे ते.

आधी फोन तर बघ. धर, हातात धर. असा उजेडाकडे केला की निळा, असा वळवला की हिरवा. मोरपिशी. आता तुला हसू येईल, पण बावन्नाव्या वर्षी मिळालेला हा माझा पहिला नवा फोन. फोन नव्हते असं नाही, तीन झाले, पण सगळे उतरलेले. आधी आमच्या ह्यांचा, आग्नेलचा — आकडे पुसून गेलेल्या बटणांचा, मी अंदाजाने लावायचे आणि भलत्याच माणसाशी बोलायचे. मग जेसनचा, जेसन म्हणजे माझा मुलगा — त्याचा कोपरा फुटलेला, वर चिकटपट्टी. मग पुन्हा त्याचाच, तो कानाला लावला की इस्त्रीसारखा तापायचा. मला त्याचं वाईट नव्हतं वाटत गो. घरात तसंच असतं, नवं येतं ते बाहेर जाणाऱ्याला, आणि मी जाते कुठे — वाडीत केळींना पाणी लावायला, चर्चमध्ये, बाजारात. चालतो उतरलेला. पण रोवेना लग्न होऊन आली आणि तिने ते सगळं बघितलं. बोलली काही नाही. ती बोलतच नाही फारशी, बोळिंजला एका दवाखान्यात काऊंटरवर बसते, तिथे दिवसभर बोलून घरी येते, मग घरी गप्प — असं आपलं मला वाटायचं. वाढदिवसाला खोकाच ठेवला हातात. सीलबंद. काचेवरचा तो पातळ कागद असतो ना, तो मी दोन दिवस कोणाला काढू दिला नाही.

मग तिनेच सगळं करून दिलं. नंबर भरले, अक्षरं मोठी केली, पहाटेचा गजरसुद्धा — मला त्या टिंगटिंग वाजणाऱ्या गजराने जाग येत नाही, म्हणून तिने शोधून शोधून कोंबड्याचा लावून दिला. खराखुरा आरवतो. शेजारचा वॉल्टर विचारायला आला, कोंबडा कधी घेतलात म्हणून. आणि शेवटी पिशवीतून कव्हर काढलं. हेच, काळं, पाकिटाचं. म्हणाली, तुम्ही वाडीत जाता, पाटात पडेल, दगडावर पडेल. स्वतःच्या हाताने चढवलं, बटण लावलं — टक् — आणि माझा मोरपिशी रंग गेला आत.

मी काय म्हटलं असेल? छान आहे म्हटलं. मग काय म्हणणार? रोज संध्याकाळी कोणी नसलं की कव्हर सोडवायची, मागची बाजू बघायची, पुन्हा घालायची. हे कोणाला सांगू नकोस.

तुला वाटेल, एवढं काय, सांगून टाकायचं. सांगितलं असतं गो. पण मी स्वतः सून होते ना याच घरात. लग्नाला सहा महिने झाले तेव्हा मी सासूबाईंसाठी कपबशा आणल्या होत्या, पांढऱ्या, काठाला बारीक जांभळी फुलं. त्यांनी हातात घेतल्या, बघितल्या, बऱ्या आहेत म्हणाल्या आणि कपाटात ठेवल्या. पुन्हा बाहेर काढल्या नाहीत. सव्वीस वर्षं गो. सव्वीस वर्षं आम्ही स्टीलच्या पेल्यात चहा प्यायलो आणि प्रत्येक चहाला मला वाटायचं, हिला माझं काही आवडत नाही. त्या गेल्या, आम्ही कपाट आवरायला काढलं, तर सगळ्यात खालच्या कप्प्यात कपबशा — एकेक वेगळी, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली. टवकासुद्धा उडाला नव्हता. जपून ठेवल्या होत्या बाईने. मला सांगायला काय झालं होतं? — तर ते सगळं माझ्या डोक्यात, आणि आता मी रोवेनाला कशी सांगू की तुझं कव्हर मला नको. तिला तेच वाटणार जे मला वाटलं. म्हणून गप्प बसले. आणि गप्प बसल्यामुळेच पुढचा सगळा घोटाळा झाला.

झालं काय, ईस्टरनंतर आमच्याकडे फादर घरोघर आशीर्वाद द्यायला येतात. क्रुसाखाली टेबल मांडायचं, वर पांढरं कापड, मेणबत्त्या, आणि त्या वर्षी घरात जे नवं आलं असेल ते टेबलावर ठेवायचं, म्हणजे त्याच्यावरही पवित्र पाणी पडतं. वॉल्टरकडे स्कूटरची चावी असते, कोणाकडे पोरांची पुस्तकं. आमच्याकडे यंदा आग्नेलचा नवा पंप, तो वाडीतून उचलून आणता येईना म्हणून त्याचं वॉरंटी कार्ड ठेवलं. आणि माझा फोन. प्रार्थनेत वाजू नये म्हणून घंटी बंद करून, कव्हरासकट ठेवला होता मी. मग माझ्या मनात आलं, पाणी पडणार ते कव्हरावर. म्हणजे आशीर्वाद कव्हराला, आणि फोन आत कोरडाच. बरोबर ना? — हस, हस. मला त्या वेळी अगदी बरोबर वाटलं. काढलं कव्हर आणि ठेवलं फ्रीजवर.

शनिवार होता. रोवेना कामावर, जेसन कंपनीच्या कामाला पुण्याला, घरी मी आणि आग्नेल. फादर फेबियन आले, बरोबर गल्लीतल्या चार बायका. आले आणि बघतात तर पाणी शिंपडायची कांडी वॉल्टरकडेच राहिलेली. कोणीतरी जाऊन आणली असती, दोन घरं पलीकडे तर घर. पण मला घाई. मी धावत अंगणात गेले आणि तगरीची फांदी तोडून आणली. चांगली भरगच्च, पानंच पानं. ती फादरांनी भांड्यात बुडवली आणि शिंपडली, आणि फादर फेबियन काही हात आखडून शिंपडणारे नाहीत — कॅलेंडर भिजलं, आग्नेलचा चष्मा भिजला, पंपाचं कार्ड तर टेबलाला चिकटलं. आणि वर मीच म्हटलं, फादर, ह्या फोनवर जरा नीट. हो, मीच. त्यांनी पुन्हा फांदी बुडवली.

स्क्रीन दोनदा लुकलुकली आणि काळी झाली. मी पदराने पुसतेय, प्रार्थना चाललीय, तोंडाने आमेन म्हणतेय. फादर गेल्यावर आग्नेल म्हणतो, आता हा थेट वरच लागणार. त्याला काय, त्याला सगळ्याची थट्टा. मी म्हटलं, रोवेनाला यातलं अक्षर कळता कामा नये, नाहीतर बघ. ओलं झालेलं यंत्र तांदळात ठेवावं, तांदूळ पाणी ओढून घेतात, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. मोठ्या डब्यात, पार तळाशी घातला, वर दोन शेर तांदूळ. बंदसुद्धा केला नाही. करणार कसा, बंद करायचं तर स्क्रीनवर बोट लावायला लागतं, आणि स्क्रीन तर काळी.

चार वाजता रोवेना आली. म्हणाली, मम्मी, दोनदा फोन केला. मी म्हटलं, चार्जिंगला होता. थोड्या वेळाने चार्जर मोकळा दिसला तिला. मी म्हटलं, पप्पा घेऊन गेलेत वाडीत. पप्पा समोर झोपाळ्यावर बसलेले, पाय हलवत. घराला आशीर्वाद मिळून चार तास नव्हते झाले गो, आणि मी दोन वेळा खोटं बोलले. मग ती फ्रीजमधून दूध काढायला गेली. कव्हर तिथेच वर. मी विसरूनच गेले होते. तिने ते खाली घेतलं, उघडलं, आत रिकामं बघितलं, बटण लावलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"मम्मी, तुम्हाला हे आवडलं नव्हतं ना?"

मी म्हटलं, "आवडलं गो. खूप आवडलं."

ते तिसरं. तिने मान हलवली आणि कव्हर ड्रॉवरमध्ये ठेवलं. फ्रीजवर परत नाही ठेवलं — ड्रॉवरमध्ये, मागे, आत सरकवून. मला त्या कपबशा दिसल्या बघ. मला फोन गेल्याचं काही वाटेना, फोन काय, पुन्हा उतरलेला वापरला असता. पण ती पुढची सव्वीस वर्षं काय समजून चहा पिणार, हे माझ्या डोक्यातून जाईना. जेवणसुद्धा गेलं नाही मला. दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. काय सांगणार? कव्हर काढलं ते आवडत नव्हतं म्हणून नाही, आशीर्वादासाठी काढलं? आणि आशीर्वादाने फोन गेला?

आणि तेही — आता बोलतेच आहे तर सांगून टाकते, हे आग्नेललासुद्धा बोलले नाही मी. पाण्याचं आपलं निमित्त. म्हणजे पाण्याचंही होतं मनात, नव्हतं असं नाही, पण फादर येणार, बरोबर बायका येणार, त्यांच्यात गल्लीतली मर्लिन येणार — मर्लिनच्या हातात दर वर्षी नवा फोन असतो, आणि माझ्या चिकटपट्टीकडे ती कशी बघायची ते मला माहीत आहे. त्या सगळ्यांनी बघावा माझा रंग. पांढऱ्या कापडावर मेणबत्तीच्या उजेडात काय दिसत होता म्हणून सांगू, मोराचं पीसच ठेवल्यासारखा. एवढ्यासाठी. बावन्न वर्षांची बाई, आणि एवढ्यासाठी. मर्लिनने बघितला का? बघितला ना. म्हणाली, क्लेमेंटीन, रंग छान आहे. आणि त्याच्यानंतर लगेच फांदी.

बाकी सगळं रोवेनाला माहीत आहे आता, एवढं एक सोडून. पण आज मी कुठलं कव्हर घेऊन बाहेर जाते ते बघितलं की कळेलच तिला. हुशार आहे. — फोन? फोन चालतो ना, तुझ्या हातात आहे तो. आवाज तेवढा जरा घोगरा येतो, सर्दी झाल्यासारखा, जेसन पुण्याहून फोनवर म्हणाला, तू आजारी वाटतेस.

आले, यतीनभाऊ आले खाली. कपाळाला जाळी लागलीय तुमच्या, पुसा ती. बघू? हां, हेच. पारदर्शक. कोपरे जाड आहेत, कॅमेऱ्याभोवती कड उंच आहे, पालथा ठेवला तरी काच घासणार नाही — बघ राधिका, हे बघून घ्यायचं असतं, कुठलंही घेतलंस तरी. काय म्हणता यतीनभाऊ, वर्षभरात पिवळं पडेल? पडू दे. पिवळं पडलं की येईन परत, तुमचंच दुकान आहे. चढवा, चढवा. — आला बघ रंग बाहेर.

आणि तू आता काय करणार? ते काळंच घेऊन जाणार? तसं नको करूस गो. काळं वाईट नाही, कदाचित त्यांना तेच हवं असेल, वयाच्या माणसाला हातात भरीव लागतं. पण त्यांनाच लाव ना फोन, आत्ता, इथूनच. आणि त्या म्हणतील तुला आवडेल ते आण, तर ऐकू नकोस, आम्ही सगळ्या तसंच म्हणतो. पुन्हा विचार. दोनदा विचारलं की खरं बाहेर येतं.

हॉर्न वाजवतेय बघ. आले, आले. काय? — रोवेनाला कसं कळलं? सांगितलं नाही का मी? मी नाही सांगितलं तिला, माझी हिंमतच झाली नाही. रविवारी पहिल्या मिस्साला जायचं असतं, त्या दिवशीचा पहाटेचा चहा तीच करते, लग्न झाल्यापासूनचा तिचा नियम. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला तांदळाच्या डब्यात कोंबडा आरवला, आणि डबा रोवेनाने उघडला.