दुसऱ्या तुकडीचे अर्ज

अध्यक्षसाहेब, सहकाऱ्यांनो, वसंतबाबूंच्या घरची मंडळी, आणि मागे सतरंजीवर बसलेल्या मुलींनो,

एवढ्या उन्हात तुम्ही आलात. मला चार शब्द बोलायला सांगितलं आहे. वर्गात मी तासभर न थांबता बोलते. इथे चार शब्द जुळवायला रात्र गेली.

वसंतबाबू आपल्या अध्यापक महाविद्यालयात प्रवेशाच्या खिडकीत बसायचे. बावीस वर्षं. सोमवारी ते गेले. तेव्हापासून खिडकी बंद आहे. बंद आहे, तरी सकाळपासून मुली येऊन तिच्यासमोर उभ्या राहतात.

अर्ज मागितला की ते लगेच द्यायचे नाहीत. आधी गाव विचारायचे, मग शिक्षण. बारावीच झाली असेल तर डी.एड.च्या विद्यालयाचा रस्ता दाखवायचे. पदवी असेल तर विषयांवर यायचे. बी.एड.ला दोन विषयांची अध्यापन पद्धती निवडावी लागते, आणि तिथेच मुली चुकतात. सोपा जातो म्हणून इतिहास घेतात. बाबू विचारायचे, तुमच्याकडच्या शाळेत इतिहासाचे गुरुजी रिटायर कधी होतात? आष्टीच्या एकीला म्हणाले होते, "इतिहासाचा मास्तर लवकर रिटायर होत नाई, पोरी. त्याचं पानिपतच संपत नाई. तू गणित घेजो." तिने गणित घेतलं. आज ती नोकरीत आहे.

हे मी तुम्हाला हसवायला सांगत नाही.

गेल्या वर्षी आपण बी.एड.ची दुसरी तुकडी काढली. मान्यता यायची होती. येईल, येईल, असं सगळेच म्हणत होते. कोण म्हणत नव्हतं? एक वसंतबाबू. गिरडची मंगला वडिलांबरोबर आली. पहिली तुकडी भरलेली. बाबूंनी तिला दुसरीचा अर्ज दिला नाही. पुढच्या वर्षी ये म्हणाले. वडील चिडले. वांगी तोडायचा दिवस मोडून, दोन एसट्या बदलून आले होते. बाबूंनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. बाबूंना वाटलं, मी तरी थांबवीन.

मी म्हटलं, भरा. मान्यता येईल.

वडिलांनी हात जोडले. "तुमी म्हनता तं भरतो, मॅडम."

मान्यता आली नाही. वर्षभर मंगलाने टाचणं लिहिली, पाठ घेतले, फळ्यावरचं अक्षर सुधारलं. विद्यापीठाने परीक्षेला बसू दिलं नाही. त्या संध्याकाळी बाबू माझ्या खोलीच्या दारात आले. आत आले नाहीत. "माह्या नाई म्हनन्याले कोनी मोजत नाई, मॅडम," ते म्हणाले. "तुमचं आयकलं असतं. काऊन थांबवलं नाई तुमी?"

काय सांगणार होते मी? मला भीती वाटली होती. माझीही नोकरी इथेच आहे. एवढंच.

बाबू दवाखान्यात होते, तेव्हा फाटकावरच्या फलकापाशी रंगारी शिडी लावून चढला. बी.एड., एम.एड., आणि त्याखाली नवी ओळ लिहून गेला: बी.एड. दुसरी तुकडी, प्रवेश सुरू. परवा माझ्या हातात संस्थेची चिठ्ठी आली. उद्या अकराला खिडकीत मी बसायचं आहे. काल मी कपाट उघडून पाहिलं. अर्ज रचून ठेवले आहेत. अर्ध्याहून जास्त दुसऱ्या तुकडीचे. कुणासाठी आहेत ते? मागे बसलेल्या तुमच्यापैकी किती जणींसाठी?

सोमवारी, बाबूंच्या अंगणात तिरडी बांधत होते, तेव्हा मंगला माझ्याजवळ आली. धाकटी बहीण बरोबर होती. तिने हळूच विचारलं, "मॅडम, औंदा तरी आली का मान्यता? हिचा अर्ज भराचा हाय."

मी पदर तोंडाला लावला. तिला वाटलं, मी रडते आहे. मी उत्तर टाळत होते.

मंगला, सगळ्यांसमोर सांगते. मान्यता आलेली नाही. कागद आलेला नाही. कधी येईल ते कुणालाच माहीत नाही. बहिणीचा अर्ज भरू नकोस. कुणीच भरू नका. अध्यक्षसाहेब, उद्या खिडकीत कुणाला बसवायचं ते आजच ठरवा. मी बसले, तर येईल तिला हेच सांगेन.

वसंतबाबू, उशीर झाला. माझा नमस्कार घ्या.

आता दोन मिनिटं आपण सगळे उभे राहू या.