पंखा बंद केला, या

विमलवहिनी, अध्यक्ष महोदय, देवळीच्या बाजारपेठेतले दुकानदार बंधू, नालवाडीहून आणि सिंदीहून उन्हात आलेली मंडळी, आणि क्लबच्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला बोलायला सांगितलं की थांबवायला चिठ्ठी पाठवावी लागते, हे तुम्ही जाणता. आज चिठ्ठी लागणार नाही. आज एकाच माणसाबद्दल बोलायचं आहे.

पण त्याआधी तुमच्या मनातला प्रश्न संपवतो. मघापासून तुम्ही माझ्याकडे बघत नाही, माझ्या मागच्या फलकाकडे बघता. बाबारावांचा फोटो आहे, फोटोला हार आहे, आणि खाली लिहिलं आहे, ‘हार्दिक अभिनंदन!’ दारातच एक जण माझ्या कानाशी लागला, “सर, फ्लेक्सवाल्यानं पुन्हा घोटाळा केला वाटते.”

नाही हो. फलक बरोबर आहे. तो का बरोबर आहे, एवढंच सांगायला मी उभा आहे.

बाबाराव देऊळकर. पंखे-कूलरचं दुकान. वैशाखात ज्याच्या दारात आपण सगळे हात जोडून उभे राहायचो, तो माणूस. “बाबाराव, मोटर जळली.” “बाबाराव, पोरं झोपत नाहीत.” साऱ्या गावाचे पंखे सुरू करून देणं हा त्यांचा धंदा होता.

आणि बंद करणं हे त्यांचं व्रत होतं!

आपल्या क्लबचं नेत्रदानाचं काम त्यांनी अंगावर घेतलं. कोणाच्या घरी मृत्यू झाला की दुकान तसंच टाकून ते निघायचे. घरच्यांशी बोलायचे. हो म्हणाले तर पहिलं काम काय? पंखा बंद. मग डोक्याखाली उशी. मग मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस. डोळे सुकता कामा नयेत. काही तासांत दवाखान्याची गाडी येते, बुबुळं नेते, आणि कुठल्या तरी घरातला अंधार संपतो.

सांगायला सोपं आहे. करून बघा! आपल्या जिल्ह्यातला मे महिना. खोलीत रडणारी माणसं. आणि एक परका माणूस येऊन पंखा बंद करतो!

सिंदीजवळच्या एका घरात मी त्यांच्यासोबत होतो. गेलेल्या आजोबांचे व्याही उसळून उठले.

“काऊन हो? पंखा काऊन बंद केला? माणसं उकडून राह्यले इथं!”

बाबाराव शांतपणे म्हणाले, “व्याहीबुवा, तुमी जिते हा. लिंबाखाली जाऊन बसा, चांगली हवा हाये. बुवाले नाई जाता येत ना.”

“मंग त्यायले तरी लागू द्या हवा!”

“त्यायच्या डोळ्याले अजून काम हाये. हवा लागली तं सुकतीन.”

व्याही पुटपुटत बाहेर गेले. थोड्या वेळानं ओला कापूस घेऊन तेच आत आले.

पण सगळीकडे असे व्याही नसतात. पानठेल्यावर लोक म्हणायचे, “आला गिधाड. कोनाच्या घरी गेलं बे आज?” एकदा त्यांनी ते ऐकलं. सायकल थांबवली आणि म्हणाले, “गिधाड सोताच्या पोटासाठी नेते रे. मी कोनाच्या पोटासाठी नेतो, सांग बरं?” आणि वर त्याच पोराला विचारलं, “तुह्या घरचा कूलर पानी फेकते काय अजून? संध्याकाळी येतो.”

मित्रांनो, असा माणूस क्लबचा सर्वोत्तम सदस्य ठरला, यात नवल ते काय? पदग्रहणाच्या समारंभात सत्कार ठेवला. याच सभागृहात. पडदा बाजूला झाला. फलकावर बाबारावांचा फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरात, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’!

फ्लेक्सवाल्याकडे दोन फलकांची ऑर्डर होती. मजकुरांची अदलाबदल झाली. आपल्याकडे वाढदिवसाचा, निवडणुकीचा आणि मरणाचा फलक एकाच दुकानात, एकाच गुलाबी रंगात छापतात. दुसरं काय होणार?

सचिव चादर शोधत पळाले. आणि ज्याचा सत्कार, तो माणूस खुर्चीत पोट धरून हसत होता!

“राहू द्या हो, राहू द्या! श्रद्धांजली आजच झाली, बरं झालं. आता मेल्यावर अभिनंदनाचा लावजा. हिसाब बराबर.”

सभागृह हसलं. मग त्यांनी बोट वर केलं. आवाज बदलला.

“पन एका अटीवर. माह्या घरचा पंखा बंद झाला, तरच. नाई तं कोरा कपडा लटकवजा.”

हसणं थांबलं. सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. तिथे विमलवहिनी बसल्या होत्या. वहिनी, तुम्ही तेव्हा जे बोललात ते सांगू ना? वहिनी ‘हो’ म्हणून मान हलवताहेत. सांगतो.

वहिनी जागेवरूनच म्हणाल्या, “मी जिती हाव तोवर नाई. सांगून ठेवते. पुढच्या जन्मी आंधळे आले म्हंजे?”

हा प्रश्न आपल्या गावागावांत आहे. याच प्रश्नानं किती डोळे राख होतात! मी या प्रश्नावर भाषणं ठोकली आहेत, ग्रंथांचे दाखले दिले आहेत, टेबलावर मुठी आपटल्या आहेत, आणि पुन्हा आपटीन. पण बाबारावांना लोक टोचायचे, “दुसऱ्याच्या बायकोले समजावता, घरच्या बायकोचं काय?” तेव्हा ते एवढंच म्हणायचे, “घरचं दार धक्का मारून नाई उघडत. कडी आतून हाये.”

त्यांनी एकदाही जबरदस्ती केली नाही. एकदाही नाही.

आणि गेल्या आठवड्यात, भर दुपारी, दुकानात बसल्या बसल्या बाबाराव गेले.

आम्ही क्लबचे सगळे घरी पोचलो. खोली माणसांनी भरलेली. डोक्यावर पंखा फिरत होता, त्यांनीच बसवलेला. आम्ही बाहेरच ठरवलं होतं, कोणी शब्द काढायचा नाही. घर वहिनींचं, दुःख वहिनींचं, निर्णय वहिनींचा. बाबारावांनी जी कडी ढकलली नाही, ती ढकलणारे आम्ही कोण?

पण मनात काय चाललं होतं, ते सांगू? ज्यानं गावोगावी लोकांच्या शिव्या खाऊन डोळे मिळवले, त्याचेच डोळे त्या पंख्याखाली सुकत होते. पंखा फिरत होता. आम्ही बघत होतो.

वहिनी उठल्या. वाटलं, पाणी प्यायला उठल्या. भिंतीपाशी गेल्या, आणि बटण दाबलं.

पंखा थांबला.

बाबारावांच्या थोरल्या बहिणीनं रडता रडता वर पाहिलं. “विमल, पंखा काऊन बंद केला वं?”

“आक्काजी, यायनं साऱ्या गावाचे बंद केले. आपल्याच घरी चालू ठेवू काय?”

“अवं, पन पुढच्या जन्मी आंधळा आला तं माहा भाऊ?”

वहिनी म्हणाल्या, “आले तं आले. मी हाव ना. हात धरून नेईन.”

आणि आक्काजींनी डोळे पुसले, आणि म्हणाल्या, “कापूस कुठी हाये?”

मंडळी, मी आयुष्यभर पुस्तकं वाचली. धर्माची वाचली, धर्माविरुद्धची वाचली. पण भीतीला असं उत्तर मी कुठे वाचलं नव्हतं! भीती गेली की नाही, मला माहीत नाही. वहिनींनी भीतीलाच सोबत घेतलं आणि पाऊल टाकलं. याला मी विजय म्हणतो. हा बाबारावांचा विजय आहे, आणि त्यांच्यापेक्षा काकणभर जास्त तो वहिनींचा आहे!

आणि विजय पुढे चालतो, बरं का. परवा नालवाडीहून क्लबच्या फोनवर एक अनोळखी आवाज आला. घरात आई गेली होती. त्या मुलीनं नाव सांगण्याआधी सांगितलं, “काका, पंखा बंद केला. या.”

आम्ही समजवायला गेलो नव्हतो. कोणी पत्रक वाटलं नव्हतं. एका घरातला पंखा बंद झाला, ही बातमीच पुरली. ज्यांना गिधाड म्हटलं, त्यांच्या कामाचं नाव आता लोकांच्या तोंडी असं बसलं आहे. ‘पंखा बंद केला, या.’ अहो, याहून मोठा सत्कार कोणत्या क्लबनं कोणाला दिला आहे?

म्हणून हा फलक. अट पूर्ण झाली, बाबाराव! कोरा कपडा लटकवायची पाळी आली नाही.

क्लबनं एक ठराव केला आहे. बाबारावांचा सदस्याचा बिल्ला आजपासून विमलवहिनींचा. मानद वगैरे काही नाही, पुरत्या सदस्य. शालही आणली होती. पण वहिनी आत्ताच म्हणाल्या, “या उन्हात शाल काय करू? बिल्ला द्या, निघते कामाले.” त्यांचं बरोबर आहे. शाल परत न्या.

आता उभे राहू या. शोकसभेत आपण डोळे मिटून उभे राहतो. आज मिटू नका. या माणसासमोर डोळे उघडे ठेवून उभे राहा. कुठेतरी दोन अनोळखी माणसं या क्षणी त्यांच्या बुबुळांतून आपल्या लेकरांची तोंडं बघत असतील. आपणही एकमेकांची तोंडं बघू. घाम येईल. येऊ द्या.

अभिनंदन, बाबाराव.

वहिनी, बटणं तुमच्या बाजूच्या भिंतीवर आहेत. बंद करा पंखे.