वामनच्या घड्याळाले शेण

हसू नका, पण परवा माही गंमत माह्यावरच उलटली. आपला वामन, मागं छातीत दुखून वाशीमच्या दवाखान्यात होता तो, त्याले पोरीनं पुण्याहून ठोके मोजणारं घड्याळ पाठवलं. ठोके तिले तिथं मोबाईलवर दिसते. वामन मले म्हणे, "याच्यातून किरणं निघते म्हणते. दिलाले लागतीन काय गा?"

म्या तोंड गंभीर करून सांगतलं, "मागून शेण लाव. शेणानं किरणं अडते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच पोरीचा मले फोन. "काका, बाबाचे ठोके दिसून नाही राह्यले, फोनबी उचलत नाहीत! पाहा ना लवकर!"

मी अनवाणीच पळालो. वामन ओट्यावर बसून चहात टोस्ट बुडवून राह्यला होता! घड्याळाच्या मागं शेणाचा जाड थर. माह्या जिवात जीव आला, त्याले मिठीच मारली.

"सोड बे, झालं काय?"

सगळं ऐकून त्यानं घड्याळ पुसलं अन् माह्या मनगटाले बांधलं. तेवढ्यात आत चार्जिंगले लावलेला त्याचा फोन वाजला. त्यानं स्पीकर लावला.

"बाबा! ठोके आले, पण एवढे जोरात काहून?"

वामन म्हणे, "घाबरू नको माय, हे माहे नाहीत. शेण लावाले सांगणाऱ्याचे हायेत!"