टेपचे पहिले दहा

नाही राव, चूक माझी नव्हतीच. माझ्या डिजिटल रेंजफाइंडर कॅमेऱ्यात डोळा लावला की दोन प्रतिमा दिसतात. त्या एकावर एक आणल्या की फोकस झाला. त्याच जरा सरकल्या होत्या. म्हणून सलीमभाईंना घरी बोलावलं. चाकणला आमच्याच कंपनीत इन्स्पेक्शनला आहेत, बावीस वर्षं. त्यांनी टेप भिंतीवरच्या कॅलेंडरला धरली. मी टेपवर दोन मीटर बघून कॅमेरा ठेवला, लेन्स दोनवर लावली आणि कॅमेऱ्याचा स्क्रू फिरवून प्रतिमा जुळवल्या.

मग त्यांच्याच मुलीच्या मंगनीचे फोटो काढले. इवल्याशा स्क्रीनवर झकास दिसले. घरी मोठे करून बघतो, तर पोरीचे झुमके लख्ख आणि डोळे धूसर! सगळ्या फोटोंत फोकस थोडा मागे, कानांवर!

"सलीमभाई, टेप शून्यावर धरली होती ना?"

"शून्यावर कोण धरतं? टोकाचा हूक हलतो. दहावर धरायची आणि दहा वजा करायचे."

"मग मला सांगायचं नाही?"

"कंपनीतला माणूस तू, तुला काय सांगायचं?"

म्हणजे दहा सेंटीमीटर यांनी खायचे आणि अडाणी मी! वर आणखी जाताना काय म्हणाले माहितीये?

"निकाहला नुसता मोबाइल आण."