पुस्तकात नसलेली बहीण

ताई : संपलं?

धाकटी : संपलं. आली ती फ्रान्सहून परत. बहिणीनं दार उघडलं, दोघी रडल्या, मग हसल्या. झालं.

ताई : दे इकडे.

धाकटी : ठेवते ना मी कपाटात.

ताई : पुस्तक संपलं की माझ्या हातात द्यायचं, असं ठरलंय आपलं. डोळे गेले म्हणून काय झालं, निरोप तरी देऊ दे त्याला.

धाकटी : घे बाई.

ताई : हं... ही पुढची पानं बघ, कशी मऊ पडलीत. मधलीसुद्धा. आणि ही शेवटची? करकरीत.

धाकटी : कागदच तसा असेल.

ताई : जन्मभर लोकांचे कपडे शिवले मी. वापरलेलं कापड कुठलं आणि ताग्यातलं कोरं कुठलं, हे तू मला सांगू नकोस.

धाकटी : शेवट जरा भराभर उरकला, एवढंच.

ताई : मागच्या पुस्तकाचाही उरकला होतास. म्हणून काल तू दातांच्या लॅबमध्ये कामाला गेल्यावर मी ते शेजारच्या काकांना दिलं. म्हटलं, एवढं शेवटचं प्रकरण वाचून दाखवा.

धाकटी : काकांना? अगं, ते औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा घोषणा केल्यासारखं वाचतात!

ताई : तसंच वाचलं. ती बाई द्राक्षांच्या मळ्यातून चालत राहिली, हे त्यांनी असं काही म्हटलं की मला वाटलं, गाडीचा फलाट बदलला. पण कळलं सगळं. ती परत येतच नाही.

धाकटी : काका पानं गाळत असतील.

ताई : काका? छापखान्याचा पत्तासुद्धा वाचला त्यांनी! आणि ऐक. त्या बाईला मुळात बहीणच नाही.

धाकटी : दे ते पुस्तक, कपाटात ठेवते.

ताई : आधी बोल की. वाचताना तर तोंडाचा पट्टा चालू असतो.

धाकटी : काय बोलू?

ताई : किती बायका फ्रान्सला गेल्या आपल्या या खोलीतून! एकीनं पडकं घर घेतलं, एक पाव भाजायला शिकली, एक नुसतीच नदीकाठी विचार करत बसली. सगळ्या गेल्या स्वतःला शोधायला, आणि सगळ्यांना सापडली काय, तर घरी वाट बघणारी आंधळी बहीण.

धाकटी : आंधळी नव्हतं म्हटलं मी!

ताई : हो, खरंच. एकीचे गुडघे दुखत होते, एकीला दम लागायचा. तेवढी दया केलीस.

धाकटी : हसू नकोस ना, ताई. तुला वाईट वाटेल म्हणून केलं.

ताई : मला वाईट वाटू नये म्हणून असतं, तर दुसरी पुस्तकं आणली असतीस. चोराचं आण, भुताचं आण. तू आणतेस ती फ्रान्सचीच. ती माझ्यासाठी नाहीत गं. शनिवारी योगासनांना जातेस ना? योगासनात भांडी घासताना नाकातून पुटपुटायला शिकवतात का?

धाकटी : ऐकू येतं तुला माझं फ्रेंच? शनिवारी त्याच क्लासला जाते मी.

ताई : नळ चालू असतानासुद्धा. कधी जायचंय?

धाकटी : जायचं नाहीये. विचारलंय फक्त त्यांनी. तिथली एक दातांची लॅब आहे. मी केलेल्या कवळ्यांचे फोटो त्यांना आवडले. वर्षभर ये, म्हणतात, काम कर आणि शीक. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. मी नाही म्हणणार आहे.

ताई : का?

धाकटी : का म्हणजे? तुझं कोण बघणार? साधा कपभर चहा करायचा तर तुला मी लागते.

ताई : चहा येतो मला करता.

धाकटी : काहीतरीच.

ताई : येतो. तू गेलीस की अकराच्या सुमाराला करते. गॅसचं बटण हाताला माहीत आहे, पाणी कपानं मोजते, उकळी आवाजावरून कळते. भातसुद्धा लावते. काका एकदा चहा पिऊन गेले, म्हणाले, साखर जास्त झाली.

धाकटी : आणि मी रोज संध्याकाळी चप्पलसुद्धा न काढता आधी आधण ठेवते!

ताई : माहीत आहे. जिन्यात तुझी पावलं धावत येतात. ती ऐकायला फार आवडतं मला. चहा येतो म्हटलं असतं, तर तू सावकाश आली असतीस.

धाकटी : ताई...

ताई : वाईट वाटणारच मला. ओक्साबोक्शी रडेन, काकांच्या घोषणा ऐकत बसेन. पण तू माझ्यासाठी राहिलीस, तर रोज त्या कपाचं ओझं होईल. ते मला नको.

धाकटी : आणि मला तिथं गेल्यावर काहीच नाही सापडलं तर? कवळ्यांचे दातच घासायचेत मला, इथं काय नि तिथं काय. आपलं माणूस टाकून जायचं आणि रिकाम्या हातानं यायचं.

ताई : ये की रिकाम्या हातानं. पण मग खरी ये, माझी समजूत काढायला नको. हे धर पुस्तक. करकरीत पानं उघड.

धाकटी : आत्ता?

ताई : आत्ता. जसं आहे तसं वाच.

धाकटी : थांब, शेवटचं पान बघते. यातही बहीण नाहीये गं. शेवटी ती एकटीच खिडकीशी बसते.

ताई : अगदीच सुनं वाटलं, तर घाल एक बहीण. पण तिला चहा करता येतो, असं वाच.