राक्षसाचा हात

नाही नाही, हात खाली नका घेऊ, दादा—वर, अजून वर, पंजा माझ्याकडे—हां, निघताना आपण करतो ना, तसा—पण हसू नका, राक्षस हसत नाहीये, तो गाव सोडून चाललाय, त्याला वाईट वाटतंय. तुम्हालाही वाटू द्या थोडं. सिंकचं काय? सिंक कुठं पळून चाललंय? सकाळपासून तुंबलंय, अजून जरा तुंबू दे. तुम्ही प्लंबर आहात हे मला ठाऊक आहे हो, मीच नाही का फोन केला—पण दार उघडलं तर तुम्ही घंटीवर पंजा ठेवून उभे—घंटी दिसतच नव्हती!—मी म्हटलं, आला, माझा राक्षस आला. रागावलात? अहो, चांगला आहे माझ्या पुस्तकातला राक्षस. झाडावर अडकलेली मांजरं उतरवतो, मोडका पूल खांद्यावर धरून ठेवतो. फक्त घोरतो. त्या घोरण्यानं गावाची झोप उडते, मग बिचारा आपणहून निघतो, आणि शेवटच्या पानावर टेकडीवरून असा हात करतो. तोच हात. नका, पुसू नका—पाइपाचं काळं लागलंय ते छान दिसतंय, सगळ्या रेषा उठून आल्यात. अंगठ्यावरची पट्टीही असू दे. राक्षसांना काय लागत नाही?

आणि बोलू नका. जबडा हलला की खांदा हलतो, खांदा हलला की हात. मीच बोलते, मला सवय आहे—आई म्हणते, हिला भिंतीसमोर बसवलं तरी भिंत कंटाळेल. हे चित्र आज संध्याकाळी मुलांच्या वाचनालयात लागायचंय, कळलं? पुस्तक छापून झालं, आता त्यातली मूळ चित्रं भिंतीवर लावणार. कागदावरची. हातानं काढलेली. आमच्या प्रकाशकबाई स्वतः येतायत न्यायला, निघाल्यासुद्धा—त्यांनी मला निवडलं तेच यासाठी. मी तिकडे परदेशात एवढी लांब चित्रकला शिकायला गेले, परत आले, आणि पहिल्याच भेटीत टेबलावर मूठ आपटून सांगितलं, बाई, आपल्या मुलांना माणसाच्या हातचं चित्र मिळालं पाहिजे! कागदावर पुसता येत नाही, म्हणून कागदापुढे माणूस खोटं बोलत नाही! बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं हो. माझ्याही आलं. अजूनही मी ते मानते, अगदी मनापासून मानते, त्यात काडीचा बदल नाही—

तिकडे काय बघताय? तो टॅब आहे. हो, त्यावर राक्षसच आहे. हो, तोच. हात? हातही आहे त्याला. मग हा कागदावर कशाला—अहो, तुम्ही हलू नका म्हटलं ना! मान वळली पूर्ण. बरं, सांगते. पण सिंकजवळचं सिंकजवळच राहिलं पाहिजे. पुस्तक मी त्या टॅबवर काढलं. अख्खं. म्हणजे सुरुवात कागदावर केली होती, देवाशपथ—पेन्सिल, शाई, जलरंग, सगळं मांडून बसले होते—पण टॅबवर कसं असतं, दोन बोटं टेकवली की मागची रेघ गायब. पुन्हा टेकवली, त्याच्या मागचीही गायब. म्हटलं, एकच पान करून बघू. मग दुसरं. मग काय! आता बाई मूळ चित्रं हवीत म्हणाल्या. मूळ कुठून आणू? म्हणून मी माझ्याच छापील चित्रांची मूळ चित्रं काढतेय. खालून काचेतून दिवा लावते, वर कागद ठेवते आणि माझीच नक्कल मारते. शाळेतसुद्धा कधी कुणाचं बघून लिहिलं नाही हो मी! आणि गंमत ऐका—टॅबवर रंग ओघळल्यासारखा दिसावा म्हणून मी केवढी खटपट केली होती, आता कागदावर खरा रंग खरोखर ओघळतो, तर तो भलतीकडेच ओघळतो. मी हेअर ड्रायर घेऊन त्याच्या मागे.

बाकी सगळं जमलं—डोंगर, पूल, मांजर. मांजर तर छापल्यापेक्षा बरी आली. हातावर गाडी अडली. कारण छापलेला हात... तो माझाच आहे. डावा. फोटो काढला, टॅबवर घेतला, ताणून मोठा केला. आईनं पुस्तक उघडून पहिलं काय विचारलं असेल? "राक्षसाला नेलपॉलिश कुणी लावलं गं?" बाईसुद्धा म्हणाल्या, हात जरा नाजूक वाटतो नाही? मी म्हटलं, तो मनानं नाजूक आहे. मान्य केलं त्यांनी! तुम्ही हसताय. हसू नका, पंजा थरथरतो. आणि तो हात कागदावर काढायला गेले की काय होतं सांगू? एक बोट चुकतं, आणि मी दोन बोटं कागदावर टेकवते. आपोआप! टेकवते आणि वाट बघत बसते. कागद कसला मागे जातोय—उलट ओल्या निळ्यात माझ्याच बोटांचे दोन ठिपके. की चित्र बाद. आई म्हणते, मागे घ्यायची सोय असती तर मी तुला तिकडे पाठवलंच नसतं.

मग ती बाद चित्रं—आता विषय निघालाच आहे तर—कचऱ्यात टाकली तर आई बघणार, बाई बघणार, म्हणून मी ती सिंकमध्ये भिजवली. लगदा केला. सोडलं पाणी. तुम्ही मघाशी पाइपातून निळं-निळं काढलंत ना बादलीत, आणि म्हणालात, हे काय गिळलंय याला—तो राक्षस होता. सगळे राक्षसच आहेत ते. एक थोडा हिरवट निघाला असेल, त्यात टेकडीही गेली. अहो, उठू नका! रागावण्यासारखं काय आहे यात, पाइप तर पाइपच आहे—दादा, बसा, पाय आखडला असेल तर जरा सरळ करा, पण हात तसाच—ती वायर! वायर बघा, दिव्याची—अहो जपून—टेबलाला धरू नका, टेबलाला नको—कागद—

...

लागलं का? नाही ना. मग ठीक. नाही, काही ठीक नाही. उचला. हात उचला, सावकाश. अख्खा पंजा उमटलाय. पाच बोटं, तळवा, काळं ग्रीस, बरोब्बर मनगटाच्या जागी मनगट. थांबा, मला दोन बोटं टेकवू दे. टेकवते हो, मला माहीत आहे काही होणार नाही, तरी टेकवते. बघा. काही नाही झालं.

पण... दादा, इकडे या. इथून बघा. टेकडीच्या मागून वर आलाय. अहो, रेषा बघा त्याच्या! आयुष्यभर पूल उचलणाऱ्याचा हात आहे हा! अंगठ्यावरची पट्टीसुद्धा उठलीय, पांढरी, आडवी! मी जन्मात काढू शकले नसते. हेच तर मी बाईंना म्हणत होते—माणसाच्या हातचं! मी खोटं बोललेच नव्हते, फक्त हात यायला उशीर झाला! आणि छापील हात वेगळा आहे त्याला काय, मी सांगेन, मुळात असाच होता, छपाईत नाजूक झाला—

घंटी. बाई आल्या. टॅब—टॅब उशीखाली! बादली घ्या ती, राक्षस झाका, फडकं टाका वर—आई, दार नको उघडूस! उघडलंस. या, या ना बाई! हे प्लंबरदादा, सिंक बघायला आलेत, निघतच होते. झालं ना तुमचं, दादा? नाही झालं? राहू दे, उद्या या. बाई, हे बघा मूळ चित्र... हो ना? जिवंत वाटतो ना? रडताय? अहो बाई... हो, माझाच हात. म्हणजे मीच उठवला. तिकडची पद्धत आहे एक. मोठा कसा? फुगतो तो. ओल्या कागदावर हात फुगतो, बाई.

निघा ना दादा, थांबलात का? बादली आमचीच आहे, असू दे, घेऊन जा. हात धुवायचाय? इथं कसा धुणार, सिंक तुंबलंय! घरी जाऊन धुवा. हो, हो, येते वाचनालयात, तुम्हीही या, मुलांना घेऊन या, बरं, अच्छा—अहो, दारातून हात नका ना करू! आता कशाला करताय, आता अगदी हवा तसा करताय—बाई बघतायत. पंजाकडे बघतायत. आता चित्राकडे. आता तुमच्या अंगठ्याकडे—मूठ मिटा, दादा! मूठ मिटा आणि जा!