बाईंचं गिनीपिग

जव्हार संस्थान विलीन झालं, त्याच्या पुढच्या सालची गोष्ट बरं का. मी मोखाड्याला मामलेदारांकडं शिपाई होतो. त्यांच्या बाईंनी मुंबईहून गिनीपिग आणलेलं. पोटच्या पोरासारखं त्याला दूधभात भरवायच्या. ते मरायला टेकलं, तसं टोपलीत घालून आम्ही जव्हारला गुरांच्या डॉक्टरकडं नेलं.

"गवत देता का?"

"छे! नुसता दूधभात."

"म्हणूनच मरतंय. हिरवं गवत घाला, वाचेल."

बाई हरखल्या. "तुम्हीपण पाळलेलं वाटतं, डॉक्टर?"

"नाही हो. कॉलेजात यांचं गवत बंद करून, किती दिवसांत मरतात ते बघायचो."

बाईंनी टोपली पदराखाली ओढली.

गिनीपिग वाचलं. पण डॉक्टर मोखाड्याला आले, की बाई आधी त्याला माजघरात लपवायच्या.